क्लच गेला म्हणजे नक्की काय गेलं?

आम्ही दोघी जावा, सानपाड्याहून तुमच्याशी बोलतोय. या कार्यक्रमात आपण वाळवणापासून बँकेच्या कर्जापर्यंत सगळ्यावर बोलत असतो. आज गाडीवर बोलायचं आहे, आणि तेही जुन्या गाडीच्या क्लचवर. विषय ऐकून रेडिओ बंद करू नका. तुम्ही स्वतः गाडी चालवत नसाल, तरी तुमच्या घरातली गाडी गॅरेजला जाते आणि बिल घरखर्चातूनच भरलं जातं. तेव्हा ऐकून ठेवा.

आमच्याकडे २००८ सालची मारुती ८०० आहे. सासऱ्यांनी हौसेनं घेतलेली. ही गाडी देशात पहिल्यांदा रस्त्यावर आली १४ डिसेंबर १९८३ रोजी आणि तिचं उत्पादन थांबलं जानेवारी २०१४ मध्ये. म्हणजे तीस वर्षं ही गाडी बनत होती. त्यामुळे तिचे सुटे भाग आजही मिळतात आणि तिच्यावर हात बसलेले मिस्त्रीही भेटतात. आमच्या गाडीला २०२३ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाली. आरटीओत तपासणी करून घेतली, ग्रीन टॅक्स भरला आणि पुढच्या पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी केली. घरात त्यावरून बरीच चर्चा झाली होती. पण सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेरुळला न्यावं लागतं. परत येताना त्या इतक्या थकलेल्या असतात की रिक्षा शोधत उभं राहणं त्यांना जमत नाही. म्हणून गाडी ठेवली. आम्ही दोघी आलटून पालटून चालवतो.

२०२४ च्या जुलैत एक दिवस सोसायटीच्या फाटकाशीच गाडी अडली. क्लच पूर्ण दाबला तरी रिव्हर्स गिअर पडेना. जोर लावला की कर्रर्र असा आवाज. जवळच्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसानं काचेतून हात घालून पेडल एकदा हातानं दाबून पाहिलं आणि सांगून टाकलं, "वहिनी, क्लच गेला. गिअरबॉक्स उतरवायला लागेल. साडेनऊ हजार होतील. साहेबांना फोन करायला सांगा." त्यानं बॉनेट उघडलं नाही की गाडी चालवून पाहिली नाही. साडेनऊ हजार ऐकून घरात लगेच सूर लागला, "आता काढा भंगारात. गाडीच्या किमतीपेक्षा दुरुस्ती जड झाली."

आमच्या शेजारच्या इमारतीत एक काका राहतात. एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून त्यांची हयात गेली. त्यांना विचारलं. त्यांनी आम्हालाच उलट विचारलं, "क्लच गेला म्हणजे नक्की काय गेलं? सुटत नाहीये की पकडत नाहीये?" आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. पंधरा वर्षं गाडी चालवत होतो, पण हा प्रश्न कधी डोक्यात आला नव्हता. आजचं सगळं बोलणं खरं तर या एका प्रश्नाभोवतीच आहे.

आधी क्लच म्हणजे काय ते समजून घेऊ. ऐकता ऐकता दोन्ही तळहात एकमेकांवर घट्ट दाबा. आता एक हात फिरवा. दुसराही त्याच्याबरोबर फिरतो. दाब सैल करा, मग एक फिरतो आणि दुसरा जागीच राहतो. क्लचचं काम एवढंच. इंजिनाच्या टोकाला एक जड चाक असतं, ते फ्लायव्हील. गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्यावर एक तबकडी असते, ती क्लच प्लेट. तिच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचं अस्तर असतं. मागून प्रेशर प्लेट तिला स्प्रिंगच्या जोरानं फ्लायव्हीलवर दाबून धरते. आपण पेडल दाबतो तेव्हा केबल ओढली जाते. केबल एक दांडी हलवते, दांडी रिलीज बेअरिंगला पुढे ढकलते, प्रेशर प्लेटचा दाब उठतो आणि प्लेट मोकळी होते. मग गिअर बदलता येतो. पाय सोडला की पुन्हा पकड.

म्हणजे क्लचची दोनच मोठी दुखणी. एक, पेडल दाबूनही प्लेट पूर्ण सुटत नाही. दुसरं, पेडल सोडूनही प्लेट पूर्ण पकडत नाही. दोन्ही एकमेकांच्या अगदी उलट, आणि गॅरेजमध्ये दोन्हींना नाव एकच, "क्लच गेला."

आमचं पहिलं दुखणं सुटण्याचं होतं. काकांनी बॉनेट उघडायला लावलं. गिअरबॉक्सच्या टोकाशी, जिथे केबल त्या दांडीला जोडलेली असते, तिथे टॉर्च मारला. केबलच्या तारांमधल्या निम्म्याअधिक तारा तुटून झाडूसारख्या पिंजारल्या होत्या. उरलेल्या ताणल्या होत्या. पेडल तळाला टेकलं तरी दांडी पुरती हलत नव्हती. मग प्लेट सुटणार कशी आणि गिअर पडणार कसा? आपलं गाव खाडीकाठचं. पावसाळ्यातली दमट हवा लोखंडाला सोडत नाही. काकांच्या ओळखीच्या एका मिस्त्रींनी नवी केबल टाकली, नटावर ताण बसवून दिला आणि तासाभरात गाडी चालू लागली. केबल आणि मजुरी मिळून हजाराच्या आत काम झालं. गिअरबॉक्सला हातही लागला नाही.

आम्ही खूश. इतक्या खूश की आम्हाला वाटलं, आता क्लच आम्हाला कळला. इथेच आमची चूक झाली, आणि ती सांगितल्याशिवाय हे बोलणं पुरं होणार नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीच्या सुमारास क्लच वेगळाच वागू लागला. पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्यावर गाडी हलायची. पेट्रोल जास्त लागत होतं. पुलावर चढताना इंजिन ओरडायचं, पण गाडी मागच्यासारखी ओढायची नाही. आम्ही ठरवून टाकलं की केबलच ढिली झाली असणार. गेल्या वेळी मिस्त्रींना नट फिरवताना पाहिलं होतं. आम्हीच पाना घेतला आणि नट दोन फेरे आवळून टाकला.

नेमकं उलटं केलं. प्लेट झिजत जाते तसा केबलमधला मोकळा खेळ कमी होत जातो. म्हणजे पेडल दाबताना सुरुवातीला जे थोडंसं अंतर ते अगदी हलकं जातं, ते नाहीसं होतं. हे अंतर असलंच पाहिजे. ते संपलं की पाय काढला तरी केबल ताणलेलीच राहते, जणू कोणीतरी क्लचवर कायम हलका पाय ठेवून बसलंय. नट आवळून आम्ही उरलासुरला खेळही संपवला. झिजलेली प्लेट आणखी घसरू लागली.

मार्चमधल्या एका संध्याकाळी आम्ही सासूबाईंना घेऊन नेरुळहून परत येत होतो. सायन-पनवेल महामार्गावर, उड्डाणपुलाच्या चढावर गाडीचा जोर गेला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर इंजिन भणभणलं आणि गाडी मात्र हळू हळू थांबली. जळक्या ब्रेकसारखा उग्र वास आत आला. मागे ट्रक आणि टेम्पोंची रांग, हॉर्नचा गोंधळ, आणि मागच्या सीटवर नुकत्या सुईतून सुटलेल्या सासूबाई डोळे मिटून बसलेल्या. धोक्याचे दिवे लावले, हँडब्रेक ओढला. मागच्या एका टेम्पोवाल्या दादांनी आणि त्यांच्या पोऱ्यानं गाडी ढकलून कडेला लावायला मदत केली. सासूबाईंना रिक्षानं घरी पाठवलं आणि गाडी टो करून आणली. त्या रात्री आम्ही दोघी फारशा बोललो नाही.

गिअरबॉक्स उतरवला तेव्हा प्लेटचं अस्तर रिव्हेटपर्यंत झिजलेलं निघालं. रिव्हेटांनी फ्लायव्हीलवर चरे पाडले होते. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग तर बदललंच, पण फ्लायव्हीलही लेथवर घासून सपाट करून आणावं लागलं. महिनाभर आधी लक्ष दिलं असतं तर तो खर्च आणि तो प्रसंग, दोन्ही टळले असते. पहिल्या वेळी गॅरेजवाल्यानं न तपासता "प्लेट" म्हटलं. दुसऱ्या वेळी आम्ही न तपासता "केबल" म्हटलं. चूक एकच होती.

म्हणून तपासायचं कसं, ते आता नीट सांगतो. कागद-पेन्सिल घ्या.

पहिली गोष्ट, मोकळा खेळ. इंजिन बंद ठेवून पेडल हातानं दाबा. सुरुवातीचं थोडं अंतर अगदी हलकं जाईल, मग जोर लागेल. हलकं अंतर अजिबात नसेल तर क्लच घसरण्याची भीती. फारच जास्त असेल तर क्लच पुरता सुटणार नाही. नेमकं किती हवं ते प्रत्येक गाडीचं वेगळं असतं आणि गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत किंवा मिस्त्रींकडच्या माहितीपुस्तकात असतं. ते पुस्तक रद्दीत घालू नका.

दुसरी गोष्ट, क्लच सुटतो का? सपाट जागी इंजिन सुरू ठेवा, गाडी न्यूट्रलमध्ये. ब्रेकवर पाय असू द्या. क्लच पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. गिअर गुपचूप पडला तर क्लच सुटतोय. कर्रर्र झालं किंवा गाडीला मागे ओढ बसली तर सुटत नाहीये. अशा वेळी आधी केबल आणि तिचा ताण बघायचा. गाडी पावसाळाभर उभी असेल तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेलीही असू शकते. आपली गाडी केबलची नसून तेलावर चालणाऱ्या क्लचची असेल, तर बॉनेटखालच्या डबीतलं ब्रेक ऑइल कमी झालंय का, पेडलच्या मुळाशी किंवा गिअरबॉक्सजवळ ओल आहे का, ते बघायचं. काही गाड्यांत ब्रेक आणि क्लचचं तेल एकाच डबीतून जातं. तिथे पातळी उतरली तर गाडी चालवूच नका.

तिसरी गोष्ट, क्लच पकडतो का? मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये साधारण ४० च्या वेगात असताना अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग त्या मानानं वाढला नाही, तर क्लच घसरतोय. उभ्या गाडीवरही कळतं. पुढे-मागे कोणी नाही याची खात्री करा. हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय घट्ट ठेवा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळू हळू सोडा. धडधाकट क्लच असेल तर इंजिन लगेच बंद पडेल. पाय पूर्ण काढूनही ते चालूच राहिलं तर क्लच घसरतोय. मात्र ही तपासणी एकदाच करा. पुन:पुन्हा केलीत तर प्लेट तापून तुम्हीच तिचं उरलेलं आयुष्य संपवाल.

घसरतोय असं दिसलं, तर लगेच प्लेटच गेली असं नाही. आधी मोकळा खेळ बघा. तो नसेल तर मिस्त्रींकडून नट सैल करून घ्या आणि पुन्हा चालवून बघा. तरीही घसरत असेल, तर मात्र गिअरबॉक्स उतरवायला पर्याय नाही. तेव्हा दिवस पुढे ढकलू नका.

चौथी गोष्ट, आवाज. पेडल दाबल्यावर घुर्रर्र सुरू होतं आणि सोडल्यावर थांबतं, तर बहुतेक रिलीज बेअरिंग. उलट, न्यूट्रलमध्ये पाय काढलेला असताना आवाज येतो आणि पेडल दाबल्यावर थांबतो, तर दुखणं बहुधा गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगचं. हे दोन आवाज ओळखता आले तर मिस्त्रींचा निम्मा वेळ वाचतो.

पाचवी गोष्ट, थरथर. गाडी निघताना धडधडत, उड्या मारत निघत असेल, तर एक तर प्लेटवर तेल गळतंय, किंवा इंजिनाच्या खालचे रबर, ज्यांना माउंटिंग म्हणतात, ते फुटलेत. माउंटिंग गिअरबॉक्स न उतरवता तपासता येतात. म्हणून आधी ते बघायला सांगा. पेडल दिवसेंदिवस जड होत असेल तर सुकलेली, तारा सुटलेली केबल हे पहिलं कारण आणि झिजलेली प्लेट, प्रेशर प्लेट हे दुसरं.

आता गॅरेजमध्ये बोलायचं कसं? "क्लच बघा" असं म्हणू नका. लक्षण सांगा. "दादा, क्लच पूर्ण दाबूनही रिव्हर्स पडत नाही" किंवा "चौथ्यात इंजिन चढतं, गाडी ओढत नाही." मिस्त्रींना शेजारच्या सीटवर बसवून एक फेरी मारा. चांगला मिस्त्री याला कधी नाही म्हणत नाही. "साहेबांना फोन करायला सांगा" असं कोणी म्हटलं तर शांतपणे सांगा, "गाडी मी चालवते, माझ्याशीच बोला." आमच्या धाकटीनं हे पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तिचा आवाज कापत होता. आता नाही कापत.

गिअरबॉक्स उतरवायचा ठरला, तर हे पाच मुद्दे आधीच ठरवून घ्या. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदमच बदला. खरी मजुरी गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याची असते. एक भाग वाचवायला गेलात आणि तोच वर्षानं गेला, तर सगळी मजुरी पुन्हा पडते. दुसरं, तिथे पोचल्यावर इंजिनाच्या मागच्या बाजूचं ऑइल सील गळत नाही ना, ते बघायला सांगा. गळत असेल तर ते तेव्हाच बदला, नाहीतर नव्या प्लेटवर तेल जाईल. तिसरं, फ्लायव्हील स्वतः बघा. चरे किंवा निळसर जळके डाग असतील तर ते लेथवर घासायला पाठवावं लागेल. चौथं, जुने भाग आणि नव्याची खोकी परत मागा. खोक्यावर छापील किंमत असते. जुनी प्लेट बघितली की रिव्हेट किती वर आलेत ते डोळ्यांना दिसतं, मग कोणाच्या शब्दावर विसंबायला नको. पाचवं, काम झाल्यावर गिअर ऑइल भरलं का, ते विचारा.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुने भाग स्वस्त मिळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. दरवाजाची काच, आरसा, दिवा असं काही तिथून जरूर घ्या. क्लच प्लेट मात्र कधी जुनी घेऊ नका. आणि जुन्या प्लेटची काळी धूळ फुंकून उडवू नका, मुलांना तिच्याशी खेळू देऊ नका. जुन्या अस्तरांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसायचं.

शेवटी आपल्या सवयींचं. आमच्या मिस्त्रींनी जुनी प्लेट हातात देऊन विचारलं, "ताई, पाय कुठे ठेवता?" दोघींचीही तीच खोड निघाली, पेडलवर हलका पाय टेकून चालवण्याची. वाशीच्या टोलनाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना टोल नाही, पण म्हणून रांगा संपल्या असं नाही. तिथे, मार्केटच्या ट्रकांच्या मागे, स्टेशनजवळच्या सिग्नलला आपण हाफ क्लचवर इंच इंच सरकत राहतो. तेव्हाच प्लेट सगळ्यात जास्त झिजते. रांगेत थांबलात की न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, पाय खाली ठेवा. पुढे गाडीभर जागा झाली की मगच एकदा पुढे घ्या. चढावर गाडी क्लचच्या जोरावर तोलून धरू नका, त्यासाठी हँडब्रेक आहे. आणि वाटेत घसरायला लागलीच, तर अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहू नका. धोक्याचे दिवे लावून डाव्या कडेला घ्या, थंड होऊ द्या आणि टो करा.

आमच्या गाडीची नोंदणी २०२८ पर्यंत आहे. तोवर ती चालेल असं वाटतं. त्यानंतर काय, ते तेव्हा बघू. सासूबाई अजूनही मागच्याच सीटवर बसतात. परवा त्याच पुलावर चढताना त्यांनी विचारलं, "आज ओढतेय ना गं?" आम्ही म्हटलं, "ओढतेय, आई." आणि या वेळी हे आम्ही तपासून सांगत होतो.

तर मैत्रिणींनो, उद्या सकाळी गाडी काढण्याआधी एक मिनिट द्या. इंजिन बंद ठेवून पेडल हातानं दाबून बघा. सुरुवातीचं ते हलकं अंतर आहे का? एवढ्यापासून सुरुवात करा. नमस्कार.